पडद्यावरचा डॉक्टर : उपकेंद्रातून व्हिडिओवर सल्ला घेताना



"डॉक्टरसाहेब, मोबाईलवर पाहून काय समजते जी? हात तर लावलाच नाही." हा प्रश्न मला आठवड्यातून दोनतीनदा तरी ऐकू येतो. विचारणारा बहुतेक वेळा साठीच्या पुढचा असतो आणि त्याचा प्रश्न रास्त असतो. नाडी बघितली नाही, पोट दाबलं नाही, स्टेथोस्कोप लावला नाही, मग ही तपासणी कसली? दुसऱ्या बाजूला तरुण मंडळी आहेत. सगळंच मोबाईलवर होतंय तर दवाखान्यात यायचंच कशाला, असं त्यांना वाटतं. छातीत दुखतंय म्हणूनसुद्धा ती व्हॉट्सॲपवर मेसेज टाकतात आणि उत्तराची वाट बघत बसतात. आज या दोघांशीही बोलायचं आहे.

मी जनरल फिजिशियन. सेवाग्रामला शिकलो आणि पंचवीसहून जास्त वर्षं याच जिल्ह्यात रुग्ण बघतो आहे. गेली काही वर्षं आठवड्यातले काही तास गावांतल्या उपकेंद्रांमधून येणारे व्हिडिओ कॉल घेतो. त्यामुळे या पद्धतीचं कौतुकही माझ्याकडे आहे आणि तिच्याबद्दलच्या तक्रारीही.

आधी आपला नकाशा डोळ्यांसमोर आणा. वर्धा जिल्ह्यात आठ तालुके. मोठी रुग्णालयं मात्र सगळी वर्ध्याभोवती गोळा झालेली. एका बाजूला सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, दुसऱ्या बाजूला सावंगी, मध्ये जिल्हा सामान्य रुग्णालय. लहानशा जिल्ह्याला दोन वैद्यकीय महाविद्यालयं म्हणजे चैनच, असं बाहेरच्याला वाटेल. पण आष्टी किंवा कारंजा तालुक्यातल्या आडगावच्या बाईला विचारा. तिला सकाळची एसटी पकडायची, ती चुकली तर ऑटोने फाट्यापर्यंत यायचं, मग दुसरी गाडी. ओपीडीची चिठ्ठी काढेपर्यंत दुपार. रक्ताचा रिपोर्ट उद्या. म्हणजे एक मुक्काम तरी, नाहीतर परत एक हेलपाटा. तिची मजुरी बुडाली, सोबत आलेल्या मुलाची किंवा सुनेचीही बुडाली. कापूस वेचणीच्या दिवसांत हे नुकसान कोण सोसणार? मग ती येतच नाही. बीपीची गोळी संपते, ती तशीच राहते. वर्षभराने तिला अर्धांगवायू होऊन आणतात, आणि तेव्हा गाडी करायला घरातले दागिने गहाण पडलेले असतात.

२०२१ च्या ऑक्टोबरअखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि पुढच्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या हिवाळ्यात माझे कितीतरी जुने रुग्ण दिसेनासे झाले. एसटी हीसुद्धा आरोग्यसेवाच आहे, हे मला त्या सहा महिन्यांत जितकं कळलं तितकं कुठल्या पुस्तकातून कळलं नव्हतं. पुलगाव-आर्वीची शकुंतला तर कधीच गेली. असो, तो वेगळा विषय.

सेवाग्रामला आमच्यावर एक संस्कार झाला होता. १९६९ साली डॉ. सुशीला नायर यांनी सुरू केलेल्या त्या संस्थेत एमबीबीएसच्या प्रत्येक तुकडीला एक गाव दत्तक दिलं जातं. पहिल्याच वर्षी त्या गावात जाऊन पंधरा दिवस राहायचं, काही कुटुंबं आपली मानायची, पुढेही त्यांच्याकडे जात राहायचं. अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलांना त्यातलं निम्मं तेव्हा समजत नाही. पण एक गोष्ट डोक्यात बसते: रुग्ण दवाखान्यात येतो तो त्याच्या आयुष्यातला फार छोटा भाग असतो. उरलेला आजार तो घरी, वावरात आणि रस्त्यावर काढतो. व्हिडिओ कॉलकडे मी त्या नजरेने बघतो.

ही कल्पना नवी नाही. आंध्र प्रदेशातल्या अरगोंडा या गावातून चेन्नईच्या डॉक्टरांशी पडद्यावर बोलण्याची सोय २००० साली सुरू झाली होती. त्यानंतर इस्रोने उपग्रहाच्या जोडणीने जिल्हा रुग्णालयं मोठ्या रुग्णालयांशी जोडली. पण ते सगळं खोलीभर यंत्रसामग्रीचं काम होतं. शिवाय कायद्याची भीती होती. २०१८ मध्ये रत्नागिरीतल्या एका प्रकरणात, रुग्णाला न तपासता फोनवर औषधं सांगितल्याच्या मुद्द्यावर मुंबई उच्च न्यायालयाने डॉक्टरांना अटकपूर्व जामीन नाकारला. त्यानंतर आमच्यातल्या अनेकांनी "फोनवर काही सांगत नाही, या" हे एकच उत्तर ठरवून टाकलं. मग कोविड आला. २५ मार्च २०२० रोजी, म्हणजे देश बंद झाला त्याच दिवशी, केंद्र सरकारने टेलिमेडिसिनचे नियम जाहीर केले आणि १३ एप्रिलला घरबसल्या सल्ल्यासाठी ई-संजीवनी ओपीडी सुरू झाली. मोहालीच्या सी-डॅकने ती बनवली आहे. उपकेंद्रातून मोठ्या डॉक्टरशी जोडणारा तिचा दुसरा भाग त्याआधीच, नोव्हेंबर २०१९ मध्ये, सुरू झाला होता. २०२३ च्या फेब्रुवारीपर्यंत देशभरात या दोन्ही वाटांनी दहा कोटींवर सल्ले झाले होते.

या दोन वाटांमधला फरक समजून घ्या, कारण माझ्या मते सगळं त्यावरच अवलंबून आहे.

पहिल्या वाटेत तुम्ही घरून, आपल्या मोबाईलवरून थेट डॉक्टरशी बोलता. सर्दी, ॲलर्जी, रिपोर्ट दाखवणं, चालू औषधाबद्दलची शंका यासाठी ही सोय ठीक आहे. दुसऱ्या वाटेत तुम्ही गावच्या उपकेंद्रात जाता, ज्याला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. सपाट भागात साधारण पाच हजार लोकसंख्येला असं एक उपकेंद्र असतं. तिथे समुदाय आरोग्य अधिकारी बसतात. गावात त्यांना सीएचओ मॅडम किंवा सीएचओ सर म्हणतात. आपल्याकडे त्यांतले बरेच जण बीएएमएस झालेले आहेत, काही नर्सिंगची पदवी घेतलेले. सहा महिन्यांचं वेगळं प्रशिक्षण त्यांना दिलेलं असतं. ते आधी तुम्हाला तपासतात, बीपी, शुगर, वजन, ताप, ऑक्सिजन मोजतात आणि गरज वाटली तर तुमच्या शेजारी बसून मला कॉल लावतात.

"हात तर लावलाच नाही" म्हणणाऱ्या काकांना माझं उत्तर इथे आहे. काका, हात लावला. तो माझा नव्हता, मॅडमचा होता. मी पडद्यावरून सांगतो, "मॅडम, पायाच्या नडगीवर अंगठ्याने दाबा, दहापर्यंत मोजा, आता अंगठा काढा." खड्डा पडलेला मला स्वच्छ दिसतो. "आजींना पाच पावलं चालवा आणि परत बसवा." दम लागलेला दिसतो, आवाजात ऐकूही येतो. लहान मुलाला खोकला असेल तर मी आईला त्याचा शर्ट वर करायला सांगतो आणि पूर्ण एक मिनिट काही न बोलता श्वास मोजतो. दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे श्वास मिनिटाला पन्नास किंवा त्याहून जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे चाळीस किंवा जास्त, तर न्यूमोनियाची शंका घ्यायची. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असेल तर थांबायचं नाही, मूल रुग्णालयात हलवायचं. हे मोजणं तुम्हालाही घरी करता येतं. मूल शांत असताना किंवा झोपेत मोजा, रडताना नको.

काही गोष्टी पडद्यावर फसवतात, हेही सांगितलं पाहिजे. रंग तर हमखास. ट्यूबलाइटखाली सगळेच पिवळे दिसतात आणि स्वस्त मोबाईलचा कॅमेरा फिकट माणसाला गुलाबी करतो. म्हणून कावीळ किंवा रक्तक्षय मी पडद्यावरच्या डोळ्यांवरून ठरवत नाही. मॅडमना बघायला सांगतो आणि हिमोग्लोबिन करायला लावतो. छातीतले आवाज, हृदयाची कुरकुर, पोटातली गाठ यांच्या बाबतीत माझा अंदाज चालत नाही. "मला इथून सांगता येत नाही, तुम्हाला यावं लागेल" हे वाक्य मी रोज म्हणतो. व्हिडिओवरचा डॉक्टर हे वाक्य कधीच म्हणत नसेल तर त्याच्यापासून जरा जपून राहा.

आता बीपीबद्दल, कारण माझ्या कॉलमधला मोठा वाटा बीपी आणि शुगरचा असतो आणि टेलिमेडिसिनचा खरा उपयोगही मला तिथेच दिसतो.

सेलू तालुक्यातल्या एक आजी. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदललेत. सत्तरीच्या आत-बाहेर, सडपातळ, बोलायला खमंग. वर्ध्याला दाखवून गोळी सुरू झालेली, पण दर महिन्याला जाणं होत नव्हतं म्हणून गोळी "ज्या दिवशी डोकं दुखीन त्या दिवशी" घ्यायच्या. उपकेंद्रातून कॉल आला तेव्हा वरचं बीपी एकशे नव्वद. मी विचारलं, "आजी, आत्ता काय करून आलात?" म्हणाल्या, "काही नाही बापा, लाकडं टाकली न् आली. अन् थोडासा खर्रा." मग मी मॅडमना म्हटलं, आजींना चूळ भरू द्या, अर्धा तास सावलीत बसू द्या, मग परत मोजू. अर्ध्या तासाने एकशे बासष्ट. तेही जास्तच होतं, उपचार लागणारच होता. पण पहिल्याच आकड्यावर मी दोन गोळ्या वाढवल्या असत्या तर आठवड्याभरात आजी न्हाणीत चक्कर येऊन पडल्या असत्या.

बीपी मोजण्याआधी पाच मिनिटं गप्प बसायचं. पाठ टेकलेली, पाय जमिनीला टेकलेले, मांडीवर मांडी नाही. लघवीला जाऊन आलेलं असावं. चहा, बिडी, तंबाखू, खर्रा अर्धा तास आधीपासून बंद. पट्टा उघड्या दंडावर, स्वेटरच्या बाहीवरून नाही, आणि दंड छातीच्या उंचीवर टेबलाला टेकलेला. दंड जाड असेल आणि पट्टा आखूड असेल तर आकडा खोटाच वर येतो. एकदा मोजून समाधान मानू नका, एक-दोन मिनिटं थांबून दुसऱ्यांदा मोजायला सांगा. यंत्र घरी घेणार असाल तर मनगटाचं नको, दंडाचं घ्या.

आजींना मी नवीन काही दिलं नाही. आहे तीच गोळी, पण रोज, सकाळच्या चहाबरोबर. त्यांना समजावून सांगितलं की बीपी वाढलं म्हणून डोकं दुखेलच असं नाही. बहुतेकांना काहीच दुखत नाही आणि तोच त्यातला धोका. दर महिन्याला उपकेंद्रात मोजायचं, गोळ्या तिथूनच घ्यायच्या, तीन महिन्यांनी माझ्याशी बोलायचं, वर्षातून एकदा वर्ध्याला येऊन रक्त, लघवी, ईसीजी करायचं. चार महिन्यांत वरचा आकडा एकशे चाळीसच्या खाली आला. यात यंत्राची करामत काही नाही. रस्त्यावरचे अकरा हेलपाटे वाचले म्हणून गोळी चालू राहिली, एवढंच.

खर्ऱ्याचा विषय निघालाच आहे तर एक आडवळण घेतो. कॉल कशासाठीही असो, खर्रा खाणारा दिसला की मी त्याला तोंड उघडायला लावतो आणि स्वतःचीच तीन बोटं उभी करून दातांच्या मध्ये घालायला सांगतो. तीन बोटं जात नसतील तर गालाच्या आतलं अस्तर आक्रसायला लागलं आहे. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. कॅमेऱ्यावर टॉर्च मारून पांढरा किंवा लाल चट्टा पुष्कळदा दिसतोही. हे तुम्ही आरशासमोर आत्ता करून बघू शकता. तीस वर्षांपुढच्या प्रत्येकाची तोंडाची तपासणी उपकेंद्रात फुकट होते, तीही करून घ्या.

पावसाळा संपताना मला दुसऱ्याच एका गोष्टीचा ध्यास असतो. ताप. ऑगस्ट ते ऑक्टोबर या दिवसांत पाच-सहा दिवस न उतरणारा ताप आला की लोक डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड यांचीच नावं घेतात. पण आपल्या भागात स्क्रब टायफस आहे. २०१८ साली नागपूर आणि आसपास त्याची मोठी साथ येऊन गेली. गवतातल्या अगदी बारीक किड्याच्या चाव्यातून तो होतो. चाव्याच्या जागी काळी, सिगारेटने भाजल्यासारखी खपली धरते. दुखत नाही, खाजत नाही, म्हणून रुग्णाला तिचा पत्ताच नसतो. ती बहुधा काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली लपलेली असते. निंदणाला गेलेल्या बाईचा ताप असला की मी सीएचओ मॅडमना सांगतो, "पडदा लावा, कॅमेरा बंद करा आणि या सगळ्या जागा तुम्ही स्वतः बघा. सापडलं तर मला शब्दांत सांगा." खपली सापडली तर निदान जवळजवळ तिथेच होतं, आणि डॉक्सीसायक्लिन ही साधी, स्वस्त गोळी वेळेवर सुरू झाली तर ताप बहुधा दोनतीन दिवसांत उतरतो. उशीर झाला तर हाच आजार फुप्फुसं, मूत्रपिंडं, मेंदू यांवर जातो. खपली नाही म्हणजे हा आजार नाही, असंही नाही. म्हणून तेव्हा रक्त तपासायला पाठवतो. मी स्वतः त्या बाईच्या शेजारी असतो तरी मला ती खपली शोधताना संकोच आड आला असता. मॅडमना तो येत नाही.

संकोचाबद्दल थोडं जास्त बोलतो. पडद्यावरच्या तपासणीतली सगळ्यात मोठी अडचण नेटवर्क आहे, असं सगळे समजतात. माझ्या मते ती खोलीतली माणसं आहेत. उपकेंद्राच्या एका खोलीत रुग्ण, तिची सासू, शेजारीण, लसीला आलेली दोन बाळं आणि दाराशी उभा कुणीतरी. लाऊडस्पीकरवर माझा आवाज. अशात मी एका तरुण सुनेला "पांढरं जातं का, पाळी कधी आली होती" हे विचारलं तर ती "नाही, काही नाही" म्हणणार, दुसरं काय म्हणणार? दोन उपाय मला सापडलेत. एक, सीएचओकडे इअरफोन ठेवायला लावायचा. मग माझा प्रश्न फक्त तिलाच ऐकू जातो. दोन, प्रश्न असे विचारायचे की तिला हो किंवा नाही एवढंच म्हणावं लागेल. एकदा अशाच एका मुलीने, कंबर दुखते म्हणून आलेली होती ती, मी "घरी कुणी मारतं का" विचारल्यावर बराच वेळ काही उत्तर दिलं नाही. मग फक्त "हो जी" म्हणाली. कंबरेचा विषय तिथे संपला आणि दुसराच सुरू झाला. आशाताईंनी पुढे तिला कुठे नेलं, काय झालं, ते मी इथे लिहिणार नाही. पण तुम्ही कॉलला जाल तेव्हा तुम्हाला एकांत मागण्याचा हक्क आहे. "बाकीच्यांना बाहेर बसवा" असं सरळ म्हणा.

कायद्याने तुमचे आणखीही हक्क आहेत. समोरच्या डॉक्टरचं नाव आणि नोंदणी क्रमांक विचारा, तो सांगायला डॉक्टर बांधील आहे. प्रत्यक्ष दाखवायचं आहे असं तुम्ही म्हटलं तर व्हिडिओवरच बोला अशी सक्ती कुणी करू शकत नाही. उलट डॉक्टर कुठल्याही क्षणी "हे मोबाईलवर जमणार नाही" म्हणून थांबवू शकतो. ओआरएस, पॅरासिटामॉल अशी साधी औषधं नुसत्या फोनवरही सांगता येतात. पहिल्यांदाच बोलत असाल तर काही औषधांसाठी व्हिडिओ लागतो. आणि अंमली वर्गातली, सवय लावणारी काही औषधं कुठल्याही परिस्थितीत अशी लिहून देता येत नाहीत. तेव्हा झोपेच्या किंवा दुखण्याच्या "त्या" गोळ्यांसाठी माझ्याशी हुज्जत घालू नका. सोळा वर्षांखालच्या मुलाबरोबर मोठं माणूस हवं.

आता त्या तरुण मंडळींसाठी, जी छातीत दुखतंय म्हणून मेसेज टाकतात.

छातीत जड वाटणं, घाम सुटणं, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ जाणं. तोंड वाकडं होणं, एक हात-पाय लुळा पडणं, बोलणं जड होणं. साप चावणं. फवारणीचं औषध अंगावर सांडणं किंवा पोटात जाणं. गरोदर बाईचं अंगावरून जाणं किंवा झटका येणं. यांपैकी काहीही झालं तर कुठलाही ॲप उघडू नका. १०८ लावा आणि निघा. फोन करायचाच तर गाडीत बसल्यावर करा, आणि तोही जिथे जाताय तिथे. प्रतिविष आहे का, ईसीजी आणि रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आहे का, हे वाटेतच विचारून घ्या, म्हणजे एका दारातून दुसऱ्या दारात जाण्यात वेळ जाणार नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने वीसहून जास्त शेतकरी-मजूर गेले. ते आठवलं की माझं हे सांगणं थोडं कर्कश होतं, चालवून घ्या. बुबुळातली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी झाली, तोंडाला लाळ-फेस आला, घाम फुटला, की ते विष अंगात भिनलं आहे. कपडे काढा, साबणपाण्याने अंग धुवा, हातमोजे नसतील तर निदान प्लास्टिकची पिशवी हाताला बांधा, आणि निघा.

एक अपवाद मात्र सांगतो, कारण त्यात कॉलनेच माणूस वाचला.

पावसाळ्यातली सकाळ. उपकेंद्र नुकतंच उघडलेलं. पस्तिशीतला एक शेतमजूर पोटदुखी आणि घसा धरल्याची तक्रार घेऊन आला होता. रात्री खाली अंथरूण टाकून झोपलेला. आदल्या दिवशी कुठेतरी जेवण झालेलं, त्यामुळे घरच्यांनी अपचन ठरवून टाकलं होतं. मॅडमना काहीतरी वेगळं वाटलं म्हणून त्यांनी कॉल लावला. पडद्यावर तो माणूस मला झोपाळू दिसला. मी म्हटलं, "दादा, छताकडे बघा." त्याने मान वर केली, पण पापण्या वर गेल्या नाहीत. अर्ध्यावरच राहिल्या. "थुंकी गिळून दाखवा." त्याला जमेना. मी विचारलं, साप दिसला होता का? नाही. कुठे चावल्याची खूण? नाही. तरीही मी मॅडमना सांगितलं, हा मण्यार चावलेला आहे असं धरून चाला, एका कुशीवर झोपवा, तोंडात काही घालू नका, १०८ बोलवा.

मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दात इतके बारीक की खूण दिसत नाही, सूज येत नाही, दुखतही नाही. पहाटे पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळता येत नाही आणि मग श्वासाचे स्नायू थकतात. त्याचं प्रतिविष तेच, जे नाग, घोणस आणि फुरशाला चालतं. पण ते वेळेत हवं, आणि श्वास थांबला तर व्हेंटिलेटर हवा. आम्ही पुढच्या रुग्णालयाला आधीच कळवलं. तो दोन दिवस व्हेंटिलेटरवर होता, नंतर चालत घरी गेला. मी फक्त "छताकडे बघा" म्हटलं होतं. पोटदुखीवाला माणूस जरा जास्तच सुस्त आहे, हे आधी मॅडमच्या नजरेला आलं. ती नजर नसती तर पडदा कितीही मोठा असून काही उपयोग नव्हता. पावसाळ्यात खाटेवर झोपा आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा. एवढ्याने बरंच टळतं.

म्हणून मला एका गोष्टीचा राग येतो. कुठे कुठे कॉल मोजले जातात. आज किती झाले, महिन्याचा आकडा गाठला का. मग सकाळपासून अडलेला आकडा संध्याकाळी पाचला भरभर पूर्ण होतो आणि माझ्यासमोर असा रुग्ण येतो ज्याला मुळात काही विचारायचंच नसतं. त्या गर्दीत खरा पोटदुखीवाला रांगेत मागे राहतो. दुसरी गोष्ट औषधांची. मी पडद्यावरून सुंदर चिठ्ठी लिहिली आणि उपकेंद्राच्या कपाटात ती गोळीच नसली तर त्या चिठ्ठीचा उपयोग काय? म्हणून मी आधी विचारतो, "मॅडम, तुमच्याकडे आज काय काय आहे?" आणि शक्यतो त्यातलंच लिहितो. तालुक्याच्या मेडिकलमधून महिनाभराची महागडी गोळी आणायला लावली तर रुग्णाचा प्रवास वाचला कुठे?

नेटवर्कचं तर काय सांगायचं. चित्र गोठलं की मी व्हिडिओ बंद करून आवाजावर बोलतो. तेही तुटलं तर मॅडमच्या साध्या फोनवर. रिपोर्टचा फोटो काढताना कागद दारापाशी उजेडात सपाट ठेवा, वर सावली पडू देऊ नका, आणि नाव-तारखेसकट पूर्ण कागद येऊ द्या. निम्मे फोटो असे असतात की शुगरचा आकडा दिसतो, पण कोणाची आणि कधीची ते समजत नाही.

तुम्ही पुढच्या वेळी उपकेंद्रात कॉलसाठी जाल तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, रिकामी असली तरी. "पांढरी गोल गोळी" म्हणजे कुठली हे मला आजवर ओळखता आलेलं नाही. जुनी फाईल, आधीच्या भरतीचा कागद, ॲलर्जी असेल तर तिचं नाव, बाईंसाठी पाळीची तारीख. सिकलसेलचं कार्ड असेल तर ते आठवणीने. मुलगा पुण्याला असेल आणि औषधांचा हिशेब त्याच्याकडे असेल तर त्यालाही त्याच वेळी फोनवर घ्या. मन लागत नसेल, झोप उडाली असेल, जगण्यात राम वाटत नसेल, तर माझ्या कॉलची वाट बघू नका. टेलिमानसचा १४४१६ हा नंबर दिवसरात्र चालू असतो, फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

आणि सोयाबीन काढणी सुरू व्हायच्या आत बीपी-शुगरच्या गोळ्या महिनाभर पुरतील एवढ्या घेऊन ठेवा. दरवर्षी दिवाळीच्या आधीचे तीन आठवडे माझ्याकडे लकव्याचे रुग्ण वाढतात, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं उत्तर एकच असतं: "कामाच्या घाईत गोळी राहूनच गेली जी."